सहा फुटांवरची थाळी

१७ मे

सहा फुटांवर बाबा म्हणाले, “गेली.”

गेली कुठे! मला थाळी चांगली दिसत होती. पांढरी, काळी, पांढरी, काळी – चारही भाग स्वच्छ. मी पेन धरून वाट बघत राहिले की ते आणखी दोरी सोडतील. सोडली नाही. सहाव्या गाठीवर अंगठा दाबून म्हणाले, “लिही. सहा.”

मी लिहिलं. सहा.

का लिहिलं?

१८ मे

ऊन माझ्या बाजूला होतं, म्हणून दिसली असेल. असेल.

२४ मे

पुन्हा सहा. आज ढगाळ होतं. ऊन कुणाच्याच बाजूला नव्हतं.

मी शाळेत जायच्या आधीपासून बाबा ही थाळी पाण्यात सोडतायत. दर शनिवारी, बर्फ वितळल्यापासून पुन्हा गोठेपर्यंत. काळ्या-पांढऱ्या पत्र्याची थाळी, फुटाफुटावर गाठ मारलेली दोरी. थाळी दिसेनाशी झाली की गाठ मोजायची. जितकी खोल दिसेल तितकं पाणी नितळ. आकडा मिनेसोटाच्या सरकारी खात्याकडे जातो आणि धक्क्याजवळच्या फळ्यावर चढतो. आधी आई बोटीच्या टोकाला बसून लिहायची. आई गेल्यावर मी.

चार वर्षांपूर्वी फळ्यावर तेरा होतं. मग अकरा, मग नऊ. आता सहा. अख्खं अल्मा तळं हळहळतंय – पाणी गढूळ झालं, तळं मरतंय! बाबांच्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही. आर्ने ऑस्टबीचा आकडा म्हणजे आकडा.

घरी येताना बाबांनी शेजारच्या आर्डिसच्या पत्रपेटीला हात हलवून ‘गुड मॉर्निंग’ केलं. पेटी काही बोलली नाही. आर्डिससुद्धा कॉफी पोटात गेल्याशिवाय बोलत नाही, त्यामुळे त्यांना फरक कळला नाही.

मला कळला.

३० मे

गॉर्डी ट्वेट येऊन गेले. तळ्याच्या मंडळाचे अध्यक्ष. आयुष्यभर शहरात लोकांचे दात साफ केले, आता निवृत्त होऊन आमचं तळं साफ करणार. मी मंडळाची सचिव. निवडणुकीच्या दिवशी माझ्या हातात पेन होतं, एवढंच कारण.

“सिग्ने,” म्हणाले, “तुमच्या कमळकोपऱ्यात जे उगवलंय ना, ते कीट आहे. दातांवर चढतं तसं. वेळेवर काढलं नाही तर हिरडी गेलीच.”

कमळकोपरा म्हणजे आमच्या घरासमोरचं तळ्याचं वळण. लव्हाळी, पांढरी कुमुदं, पाण्याखाली रिबिनींसारखं लांब गवत. त्या गवतात सनफिश मासे अंडी घालतात. पलीकडच्या टोकाला गॉर्डींचा धक्का आणि त्यांचं हिरवळीचं अंगण – थेट पाण्यापर्यंत कापलेलं, बिलियर्डच्या टेबलासारखं. दर पंधरवड्याला त्यावर खत पडतं. मग पाऊस पडतो. मग खत कुठे जातं, हा प्रश्न मंडळात कुणी काढत नाही. तसं विचारणं बरं दिसत नाही.

“बाबांचा आकडा बघ ना. सहा! काहीतरी करायलाच हवं,” गॉर्डी म्हणाले. मग जरा थांबून, “आणि ऑगस्टमध्ये आमच्या लेकीचं लग्न आहे. धक्क्यावरच. मागे पाणी निळं दिसलं तर फोटोला बरं. ही पानं तरंगताना दिसली की घर आवरलेलं नाही असं वाटतं.”

तणनाशक. जुलैमध्ये. अख्ख्या कमळकोपऱ्यात.

जेवताना बाबांना सांगितलं. म्हणाले, “गवत मारलं की ते कुजतं. कुजलं की शेवाळाची मेजवानी. मग बघ पाणी.” एवढंच. मग मिठाच्या ऐवजी साखर घेतली, बटाट्यांवर भुरभुरवली आणि निमूटपणे खाल्ली.

मीही माझ्या बटाट्यांवर साखर घातली. का, ते विचारू नये.

७ जून

चर्चच्या तळघरात सभा. डार्लीनने, म्हणजे गॉर्डींच्या बायकोने, लिंबाच्या वड्या आणल्या होत्या, शिवाय ती तिची हॉटडिश – खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे, मध्ये डब्यातलं मशरूमचं सूप.

सभेआधी कोटांच्या खुंट्यांपाशी एकेक जण येऊन माझ्या कानात सांगून गेला. “मला नाही ते औषध आवडत.” “माझी नातवंडं पोहतात तिथं.” “कमळं किती छान असतात गं.” मी मनातल्या मनात मोजत होते. जिंकलो की!

गॉर्डींनी ठराव मांडला. “कुणाची हरकत?”

कुणाचीच नाही. हरकत घ्यायची म्हणजे गॉर्डींच्या तोंडावर, तेही डार्लीनच्या वड्या खाऊन! हात वर. सगळे. आर्डिसचासुद्धा, जिला माझ्या माहितीत आजवर काहीही आवडलेलं नाही.

माझाही.

ठराव तत्त्वतः मंजूर. जुलैच्या वार्षिक सभेत पक्का होईल. शिवाय ज्याच्या किनाऱ्यासमोर फवारायचं त्याची संमती लागते. कमळकोपऱ्याचा जवळजवळ सगळा किनारा आमचा – आईनं जाताना माझ्या नावावर केलेला. “सिग्नेनं हात वर केलाच आहे,” गॉर्डी म्हणाले आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसले की मीही हसले.

मग वड्यांचं ताट फिरलं. शेवटची वडी उरली. शेवटची वडी कुणी घेत नाही. एकीनं ती अर्धी कापली, अर्धी ठेवली. दुसऱ्यानं त्या अर्ध्याची अर्धी. तिसऱ्यानं पाव. मी भांडी गोळा करायला गेले तेव्हा काचेच्या ताटात नखाएवढा तुकडा होता आणि शेजारी सुरी. तो डार्लीन घरी घेऊन गेली. झाकून.

१४ जून

आज बाबांना सर्दी. मी एकटीच बोट घेऊन गेले.

थाळी सोडली. सहा. सात. आठ. दिसतेय. नऊ. दहा. अकरा, बारा. आता हिरवट, धूसर, पण आहे. तेरा.

तेरावर गेली.

पाणी तसंच आहे! आई टोकाला बसून लिहायची तेव्हा होतं तसंच. गढूळ झालंय ते तळं नाही.

मी बराच वेळ बोटीत बसून राहिले. लून पक्षी जोडीनं शेजारून गेले. अख्ख्या तळ्याला मोतीबिंदू झालाय आणि त्यावर आम्ही तणनाशक घालणार आहोत.

थाळी पुसून, दोरी गुंडाळून, होती तशी खिळ्याला लावून ठेवली.

१५ जून

बाबा सकाळी बोटीच्या शेडमध्ये गेले होते. बराच वेळ दोरी हातात घेऊन उभे होते. “कशी गुंडाळलीस गं,” एवढंच म्हणाले.

१९ जून

तर आता हे असं आहे. सांगितलं तर कमळकोपरा वाचेल. पण मग बाबांची थाळी जाईल, गाडी जाईल, बोट जाईल. पलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्याचं लायसन काढून घेतलं, तर तो पुढचा अख्खा हिवाळा खिडकीत बसून राहिला. न सांगितलं तर गवत मरेल, कुजेल, शेवाळ येईल, पाणी खरंच गढूळ होईल. मग बाबांचे सहा फूट खरे ठरतील!

बाबांना थेट विचारणं आमच्या घरात होत नाही. आई आजारी होती तेव्हाही आम्ही तिला ‘कसं वाटतंय’ असं विचारलं नाही. ‘हवा बरी आहे’ असं म्हणायचो, आणि ती ‘हो, बरी आहे’ म्हणायची. ते पुरे व्हायचं. पुरे व्हायचं का?

मी गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं कॅलेंडर आणून फ्रिजवर लावलं. म्हटलं, बघतील, विषय निघेल.

संध्याकाळी बाबा फ्रिजला नाक टेकवून उभे होते. “डोळ्यांचा डॉक्टर म्हणे,” म्हणाले, “आणि अक्षरं एवढी बारीक! धंदा वाढवायची युक्ती दिसतेय.”

विषय निघाला. आणि गेला.

२५ जून

आर्डिसला सांगितलं. तिच्या ओट्यावर, रुबार्बच्या आंबट देठांच्या काड्या चिरता चिरता. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

ती चिरायची थांबली. “म्हणजे आर्नेला दिसत नाही?”

“धूसर दिसतं.”

“आणि पाणी चांगलं आहे?”

“तेरा फूट.”

“मग सांग ना सभेत.”

“कसं सांगू, आर्डिस?”

“तोंडानं.”

“तुम्ही कुठे म्हणालात तोंडानं ‘नाही’? तुम्हीही हात वर केला होता!”

आर्डिसनं सुरीनं सगळा राग रुबार्बवर काढला. “डार्लीननं मला खुब्याच्या ऑपरेशनला नेलं-आणलं. सहा आठवडे. रोज हॉटडिश घेऊन यायची. तिच्या नवऱ्याला नाही म्हणू मी? माझ्या फ्रीझरमध्ये अजून तिचे दोन डबे पडलेत!”

मिनेसोटात प्रत्येकाच्या फ्रीझरमध्ये कुणाचा तरी एक डबा असतो. त्यामुळे कुणी कुणाला काही म्हणू शकत नाही.

निघताना म्हणाली, “माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एका सकाळी एक, असं. दुपारी घरी येऊन पाहिलं, स्वयंपाकघर किती घाण होतं! आर्नेला सांग, मोतीबिंदू वाईट नाही. पण सांभाळून, नंतर सगळं दिसतं.”

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची बोटींची मिरवणूक. दरवर्षीची. पण यंदासारखी कधी नव्हती आणि देवा, पुन्हा नको.

गॉर्डींनी आपल्या सपाट बोटीचा टूथब्रश केला होता. खरंच. पुढे पांढऱ्या नळ्यांचे केस, मागे निळी दांडी, बाजूला पाटी: ‘घासू या अल्मा!’ आणि डार्लीन, बिचारी, हिरव्या चादरीत गुंडाळून, डोक्यावर कागदी कुमुद लावून बोटीच्या नाकावर बसलेली. गॉर्डी अधूनमधून तिला लांब दांड्याच्या ब्रशनं घासायचे. काठावरून टाळ्या. तिनं हसू काही सोडलं नाही. उतरल्यावर मला म्हणाली, “मला कुमुदं आवडतात गं. म्हणून मी ते व्हायचं ठरवलं.” आणि चटकन तोंड फिरवलं.

मानाच्या पहिल्या बोटीत बाबा. गळ्यात रिबिनीला बांधलेली थाळी, पदकासारखी. गॉर्डी भोंग्यातून ओरडले, “आर्ने ऑस्टबी! या तळ्याचे डोळे!”

बाबांनी मान लववली आणि हात हलवला. काठाकडे पाठ करून, मोकळ्या पाण्याकडे. सगळ्यांना वाटलं, तळ्याला मानवंदना देतायत. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्याही. पण वेगळ्या कारणानं.

९ जुलै

सांगणार. शनिवारी वार्षिक सभेत सांगणार.

आरशासमोर सराव केला. “माझ्या बाबांच्या डोळ्यांना मोतीबिंदू आहे आणि पाणी नितळ आहे.” एवढंच वाक्य. शाळेच्या ग्रंथालयात पोरांना दिवसभर वाचून दाखवते मी, मला एवढं वाक्य येऊ नये? तोंडातून येतं ते असं: “म्हणजे, कुणाची हरकत नसेल तर, मला आपलं असं वाटलं, मी चुकतही असेन –”

मी चुकत नाहीये. हे वाक्यही आरशाला म्हणून बघितलं. आरसा अवघडला.

१२ जुलै

लिहून काढते. नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

तळघर गच्च. गॉर्डींनी फळा आणला होता, त्यावर लाल खडूनं ६. मी उठले. सगळ्यांनी माझ्याकडे मायेनं बघितलं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, त्याची बटणं एक घर चुकलेली. मी तोंड उघडलं.

“कॉफी आणखी कुणाला?”

असं म्हणाले मी! आणि किटली घेऊन फिरले. अख्ख्या तळघराला कॉफी वाढली. नको म्हणणाऱ्यांनाही.

तोवर वड्यांचं ताट फिरत होतं. शेवटच्या वडीचं ते नेहमीचं सुरू झालं – अर्धी, पाव, त्याचा अर्धा. सुरी काचेवर टिकटिक वाजत होती. ताट पहिल्या रांगेत पोचलं. बाबांनी हात पुढे केला, बोटांनी ताट चाचपलं, तो तुकडा सापडला आणि त्यांनी तो तोंडात टाकला.

शेवटचा तुकडा! आमच्या चर्चच्या तळघरात हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. कुणाच्या तरी हातातून चमचा पडला.

“आर्ने,” डार्लीन अगदी हळू म्हणाली, “तो... शेवटचा होता.”

“हो का?” बाबा म्हणाले. मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. “मला दिसला नाही. मला आजकाल हातभर अंतरावरचंसुद्धा दिसत नाही.”

सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. लाल ६. मग बाबांकडे. मग आपापल्या बुटांकडे. कळलं! प्रत्येकाला कळलं, मला चेहऱ्यांवर दिसलं. माझं वाक्य बाबांनीच बोलून टाकलं होतं. आता कुणी तरी एवढंच म्हणायचं होतं – मग हा आकडा?

गॉर्डी खाकरले. लाल झाले होते. “तुकडा लहानच होता, आर्ने.”

“मलाही दिसला नव्हता,” डार्लीन घाईनं म्हणाली.

“इथे उजेडच कमी आहे,” मागून कुणी तरी.

“माझ्या चष्म्यालाही काही तरी झालंय.”

“मला तर ताटसुद्धा दिसलं नाही!”

बघता बघता अख्खं तळघर आंधळं झालं. इतक्या प्रेमानं, की मला रडू फुटेल असं वाटलं. बाबा मात्र ताठ बसले होते, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.

मग मतदान. आता ‘नाही’ म्हणायचं म्हणजे आर्नेला भर सभेत आंधळा म्हणायचं. कोण म्हणेल? एकेक हात वर गेला. सगळे. बाबांचं मन राखायला आम्ही सगळ्यांनी मिळून कमळकोपरा मारायचं ठरवलं.

बाबांचे हात मांडीवरच होते. मला वाटलं, मतदान चाललंय ते दिसलं नसेल त्यांना.

मी हात वर केला. सगळ्यांच्या आधी केला, म्हणजे कुणी बाबांकडे बघू नये.

१३ जुलै

आर्डिस पत्रपेटीपाशी. “तू हात का वर केलास?”

“तुम्ही का केलात?”

“आर्नेसाठी.”

“मीही.”

दोघी पेटीकडे बघत उभ्या राहिलो. “वेगळंच झालं ते,” आर्डिस म्हणाली. आमच्याकडे यापेक्षा कडक शब्द नाही.

१९ जुलै

फवारणी सोमवारी. किनाऱ्यावर पिवळे झेंडे लावून गेले, गॉर्डींच्या धक्क्यापासून आमच्या लव्हाळ्यांपर्यंत. कुमुदं पूर्ण उमललीत. त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आज शनिवार. बाबांनी थाळीला हात लावला नाही. “राहू दे या आठवड्यात,” म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दिवसभर धक्क्यावर बसून होते, पाय पाण्यात. गवत पायांना लागलं की बोटं हलवत होते. सांगावंसं वाटलं, बाबा, मी तुमच्यासाठी केलं. सांगितलं काय तर – हवा बरी आहे.

“हो,” म्हणाले. “बरी आहे.”

२१ जुलै, सकाळी

फवाऱ्याची बोट पाण्यात उतरवतायत. आवाज इथे स्वयंपाकघरात येतोय.

बाबा आत्ता कॉफी ढवळता ढवळता म्हणाले, “दोरी तेराव्या गाठीपर्यंत ओली होती, सिग्ने. तेव्हाच कळलं मला.”

मी किटली खाली ठेवली.

“आणि ती वडी शेवटचीच होती, तेही माहीत होतं. सुरी ऐकू येते ना काचेवर.” मग फ्रिजच्या दिशेनं, साधारण दिशेनं, मान हलवली. “त्या कॅलेंडरवाल्याला फोन कर. पण आधी ते बोटवाले बघ.”

म्हणजे त्या तळघरात ‘नाही’ म्हणणारे एकटे तेच होते. आणि त्यांच्यासमोर पहिला हात वर गेला तो माझा.

किनारा माझ्या नावावर आहे.

चालले. तोंडानं सांगायचंय.